सख्खे असूनही परके

शहापूर-मुरबाडच्या वाड्यांत पावसाळ्यात आंब्याची कलमे बांधतात तेव्हा खुंटाची जात कोणी विचारत नाही. रायवळ आंब्याची कोय रुजवून आलेल्या रोपावर हापूसची काडी पाचरीसारखी बसवायची, वरून पट्टी घट्ट गुंडाळायची, आणि काही आठवड्यांत डोळा फुटला की कलम धरले म्हणायचे. काडी आणि खुंट यांचे काही नाते असावे लागते ते एवढेच की दोन्ही आंबे असावेत. झाडाच्या देहात दारोदार फिरून ओळख पटवत बसणारी पेशी नसते, म्हणून हे साधते. माणसाच्या देहात ती असते. तिचे नाव टी पेशी. सख्ख्या भावाची अस्थिमज्जा बहिणीला दिली, तपासणीत दोघांचे एचएलए, म्हणजे ऊतकजुळणीच्या प्रमुख खुणा, शंभर टक्के जुळले, तरी ही पेशी त्या मज्जेला परके ठरवून हाकलू शकते. ज्या खुणांवरून ती असे ठरवते त्यांना विज्ञानाने 'गौण ऊतक-प्रतिजन' असे नाव दिले. 'गौण' हा शब्द आपली दिशाभूल करतो, असे माझे मत आहे. ही दिशाभूल सगळ्यांत महाग पडते ती मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या शस्त्रक्रियागृहात नाही. ती पडते त्याआधी कितीतरी वर्षे, तालुक्याच्या ठिकाणी सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या एखाद्या मुलाला रक्ताची पिशवी लावली जाते तेव्हा.

आधी या नावाची कथा पाहू. अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉर्ज स्नेल यांनी उंदरांचे असे वंश तयार केले की दोन वंशांत फरक असावा तो गुणसूत्राच्या एकाच लहान तुकड्यापुरता. एकाची त्वचा दुसऱ्यावर लावायची आणि ती किती दिवसांत गळून पडते ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. एका जागेवरचा फरक असेल तर त्वचा दोन आठवड्यांच्या आत गळे. ही जागा म्हणजे एच-२, जिचे माणसातले रूप म्हणजे सहाव्या गुणसूत्रावरची एचएलए जनुके. बाकीच्या कितीतरी जागांवरच्या फरकाने त्वचा गळायला अनेक आठवडे, कधी महिने लागत. लवकर गळवणारी ती प्रमुख, सावकाश गळवणाऱ्या त्या गौण, अशी विभागणी झाली. म्हणजे 'गौण' हे विशेषण वेगाला दिलेले होते, परिणामाला नव्हे. त्वचा शेवटी दोन्हीकडे गळतच होती, आणि असे अनेक गौण फरक एकत्र आले की त्या प्रमुख फरकाइतक्याच वेगाने गळत होती. १९५५ मध्ये आयशवाल्ड आणि सिल्मसर यांना आणखी एक गोष्ट आढळली. एकाच शुद्ध वंशातल्या नराची त्वचा मादीला लावली तर मादी ती नाकारते, आणि मादीची त्वचा मात्र नर बिनतक्रार ठेवून घेतो. दोघांत फरक एकच, नराचे वाय गुणसूत्र. स्नेल यांना १९८० चे नोबेल मिळाले, एचएलए तपासणी जगभर रूढ झाली, आणि 'जुळले' हा शब्द वैद्यकात आणि घराघरांत एकाच अर्थाने वापरला जाऊ लागला. जुळले म्हणजे एचएलए जुळले. बाकीच्या जागा नावातच गौण होत्या, त्यामुळे त्यांची चौकशी मागे पडली.

टी पेशी नेमके काय पाहते हे कळायला १९७४ उजाडावे लागले. कॅनबेरा येथे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी दाखवून दिले की टी पेशी विषाणूला सुटा ओळखत नाही. आपल्याच प्रमुख प्रतिजनाच्या सोबतीने मांडलेला असेल तरच ओळखते. लगेच पुढच्या वर्षी एलिझाबेथ सिम्पसन आणि इतरांनी हाच नियम गौण प्रतिजनांनाही लागू होतो हे सिद्ध केले. पानांच्या द्रोणाची कल्पना येथे उपयोगी पडेल. पेशीच्या आत प्रथिने सतत मोडत असतात. त्यांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे एचएलए रेणूच्या खोलगटीत ठेवून पेशी ते आपल्या पृष्ठभागावर मांडते. टी पेशी द्रोण आणि त्यातला पदार्थ असे दोन्ही मिळून पाहते. बालपणी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तिची परीक्षा झालेली असते, आणि आपल्या घरच्या पदार्थांवर तुटून पडणाऱ्या बहुतेक पेशी तेथेच बाद केलेल्या असतात. भावाबहिणीचे एचएलए जुळले याचा अर्थ दोघांचे द्रोण एका घडणीचे आहेत. आत काय वाढले आहे त्याविषयी एचएलए तपासणी काहीच सांगत नाही. उलट द्रोण सारखे असल्यामुळे आतला वेगळा पदार्थ टी पेशीला थेट आणि स्वच्छ दिसतो. एचए-१ नावाच्या गौण प्रतिजनाची ओळख १९९८ मध्ये पटली तेव्हा हा वेगळेपणा किती बारीक असतो ते कळले. नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा. त्यात तिसऱ्या जागी काही माणसांत हिस्टिडीन असते, काहींत आर्जिनीन. हिस्टिडीनवाला तुकडा एचएलए-ए२ च्या द्रोणात पक्का बसतो, आर्जिनीनवाला धड टिकत नाही. एका अक्षराचा फरक, आणि तेवढ्यावरून आपले-परके ठरते.

या टप्प्यावर एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. परकेपण हा समोरच्याचा गुण नाही, ओळख पटवणाऱ्याच्या देहात काय नाही त्यावर ते अवलंबून आहे. महाराष्ट्राला याचे उदाहरण परदेशातून आणायची गरज नाही. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेल्या एका विलक्षण रक्तगटाची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली. तोच आज जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. या माणसांच्या तांबड्या पेशींवर एच नावाचा पदार्थ नसतो, जो बाकी जवळजवळ सगळ्या मानवजातीत असतो. ओ गटात तर तो भरपूर असतो. त्यामुळे सर्वांना चालणारे म्हणून गाजलेले ओ रक्त त्यांना चालत नाही. जी खूण सर्वांपाशी होती तिला कोणी खूण मानत नव्हते, ती नसलेली माणसे समोर आली तेव्हा ती प्रतिजन ठरली. तेथे काम करतात ती प्रतिद्रव्ये, टी पेशी नव्हेत, हा भेद खरा आहे. पण तत्त्व तेच. यूजीटी२बी१७ नावाचे एक जनुक काही माणसांत मुळातच गायब असते. अशा माणसाची मज्जा ते जनुक असलेल्याला दिली तर मज्जेसोबत आलेल्या दात्याच्या टी पेशी त्या प्रथिनाच्या तुकड्यांवर हल्ला चढवू शकतात, हे २००३ मध्ये दिसले. तेव्हा कोणत्या समाजात कोणत्या खुणा किती जणांत नाहीत, हे त्या समाजात जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. गौण प्रतिजनांची जी यादी आज हाताशी आहे ती मुख्यतः लायडन, सिएटल अशा युरोप-अमेरिकेतल्या ठिकाणच्या रुग्णांवरून बनली आहे. बॉम्बे रक्तगट लंडनमध्ये बसून शोधायचा म्हटला असता तर किती काळ लागला असता, याचा विचार ती यादी हाती घेणाऱ्याने करावा.

आता शहापूर-मुरबाडकडे वळू. कातकरी, म ठाकूर, क ठाकूर, वारली, महादेव कोळी यांची ही वस्ती. ठाणे जिल्ह्याचा आदिवासी पट्टा सिकलसेलच्या नकाशावर आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. तपासणीनंतर काय, हा खरा प्रश्न. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने त्रास पुष्कळ कमी होतो. रोग मुळातून घालवण्याचा प्रस्थापित मार्ग मात्र अस्थिमज्जा रोपण हाच आहे, आणि देशातले पहिले यशस्वी मज्जारोपण १९८३ मध्ये मुंबईतच, टाटा स्मारक रुग्णालयात झाले. आईबाप दोघेही वाहक असतील तर एखादे सख्खे भावंड एचएलए जुळणारे असण्याची शक्यता चारात एक. ते स्वतः सिकलसेलचे रुग्ण नसण्याची शक्यता चारात तीन. दोन्ही जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने गुणाकार सरळ होतो: सोळात तीन, म्हणजे एकोणीस टक्क्यांहूनही थोडे कमी. एवढ्या अवघड चाळणीतून निघालेले ते एक भावंड ही त्या घराची केवढी मोठी ठेव आहे, हे या हिशेबावरून कळावे.

आणि ही ठेव आपण नकळत खर्च करून बसू शकतो. १९७६-७७ च्या सुमारास लायडनमध्ये एल्स गुल्मी यांनी एका स्त्रीचा अभ्यास केला. तिची मज्जा निकामी झाली होती आणि तिला भावाची, एचएलए पूर्ण जुळणारी, मज्जा दिली होती. ती तिने नाकारली. तिच्या रक्तात अशा टी पेशी सापडल्या ज्या एचएलए-ए२ असलेल्या पुरुषांच्या पेशी मारत आणि स्त्रियांच्या पेशींना हात लावत नसत. वाय गुणसूत्राच्या प्रथिनांचे तुकडे त्यांनी ओळखले होते. माणसातले गौण प्रतिजन प्रथम हाती लागले ते असे, एका फसलेल्या रोपणातून. त्याच दशकात सिएटलमध्ये रेनर स्टॉर्ब आणि सहकारी कुत्र्यांवर प्रयोग करत होते. एकाच वेताच्या, प्रमुख प्रतिजन जुळलेल्या पिल्लांत मज्जा सहज धरे. पण रोपणाआधी त्याच दात्या भावंडाचे रक्त दिलेले असले की पुष्कळदा मज्जा नाकारली जाई. तिऱ्हाईत कुत्र्याच्या रक्तानेही धोका होता, पण कमी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून टाकल्या की तो आणखी घटे. माणसांतही तेच दिसले. मज्जा निकामी झालेल्या ज्या रुग्णांना रोपणाआधी रक्त दिलेले नव्हते, त्यांच्यात नकाराचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. टी पेशींना स्मरण असते. भावाच्या पिशवीतून आलेल्या मूठभर पांढऱ्या पेशी पाहून त्या शिकतात, संख्येने वाढतात आणि वाट पाहत राहतात. काही वर्षांनी त्याच भावाची मज्जा आली तर ती त्यांना अनोळखी नसते, आधीच शत्रू म्हणून नोंदलेली असते.

ही गोष्ट तालुक्याच्या रुग्णालयातल्या रोजच्या व्यवहाराशी जोडून पाहा. मुलाला एकाएकी रक्त कमी पडते, रात्र झालेली असते, जवळ साठा नसतो, आणि नातेवाइकांना रक्त द्यायला सांगितले जाते. त्यामागे दुष्ट हेतू कोणाचाच नसतो. आईबापांना, भावाला आपलेच रक्त लेकराला मिळावे असे मनापासून वाटते. 'रक्ताचे नाते' हा आपल्या भाषेतला सर्वांत भक्कम पुरावा आहे. पण देहाचा न्याय उलटा चालतो. जितके नाते जवळचे तितके द्रोण सारखे, आणि जितके द्रोण सारखे तितका गौण फरक टी पेशीला ठळक. शिवाय नातेवाइकाच्या ताज्या, विकिरण न केलेल्या रक्तातल्या जिवंत टी पेशी कधी कधी रुग्णाच्याच देहात रुजतात आणि त्याच्या पेशींवर उलटतात. हे क्वचित घडते, पण घडले की बहुधा प्राणघातक ठरते. म्हणून पुढे मज्जारोपण होऊ शकेल अशा रुग्णाला कुटुंबातले रक्त देऊ नये, तिऱ्हाइताचे द्यावे आणि तेही पांढऱ्या पेशी गाळून, हा नियम मोठ्या केंद्रांत पाळला जातो. पण रोपणाचा विचार होईपर्यंत मूल त्या केंद्राच्या दारात आलेलेच नसते. त्याची आधीची सगळी रक्तसंक्रमणे वाटेवरच्या छोट्या रुग्णालयांत झालेली असतात, आणि नियम तेथे पोहोचलेला नसेल तर त्याचा उपयोग केंद्रात बसलेल्यांनाच.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचा येईल, आणि तो हलका नाही. १९८६ ते २०१३ या काळात एचएलए जुळलेल्या भावंडाकडून मज्जा मिळालेल्या सिकलसेलच्या हजार रुग्णांचा आंतरराष्ट्रीय आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ९२.९ टक्के होते आणि रोपण टिकवून हयात असलेल्यांचे ९१.४ टक्के. इतके यश असताना गौण प्रतिजन गौणच म्हणायला काय हरकत आहे, असे विचारता येईल. माझे उत्तर असे की हे यश फुकट आलेले नाही. रुग्णाच्या टी पेशींनी मज्जा नाकारू नये आणि तिला जागा व्हावी म्हणून आधी जबर औषधांनी त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती आणि मज्जा पुसून टाकावी लागते, ज्यात पुढे अपत्य होण्याची क्षमता जाऊ शकते. नंतर कित्येक महिने सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, त्यांच्या रक्तातल्या पातळीच्या तपासण्या, जंतुसंसर्गावर पहारा. खऱ्या अर्थाने जुळलेल्या जुळ्या भावांत एवढा खटाटोप लागत नाही. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एकरूप जुळ्यांत केलेले मूत्रपिंडरोपण अशा औषधांशिवाय आठ वर्षे चालले. पूर्ण एचएलए जुळलेल्या साध्या भावंडाला मूत्रपिंड दिले तरी औषधे लागतातच. म्हणजे औषधांची जी मात्रा उरते ती गौण प्रतिजनांची किंमत आहे. ही किंमत सगळ्यांना सारखी परवडत नाही. दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला, जेथे क्षयरोगाला घरात शिरायला दार शोधावे लागत नाही, प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेले मूल महिनोन्महिने सांभाळणे म्हणजे काय, याचा हिशेब त्या ९१.४ टक्क्यांत धरलेला नाही.

याच जोडीला आणखी एक मुद्दा आहे, ज्याकडे मला वाटते पुरेसे लक्ष गेलेले नाही. गौण प्रतिजनांवरचे पुष्कळ संशोधन रक्ताच्या कर्करोगासाठी झाले. तेथे हे प्रतिजन दुधारी आहेत. दात्याच्या टी पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला करतात, पण उरलेल्या कर्कपेशीही त्याच मारतात. एकरूप जुळ्याकडून मज्जा घेणाऱ्यांत रक्ताचा कर्करोग अधिक वेळा उलटतो, हे १९९० मध्ये आकड्यांनिशी दिसले. एचए-१ प्रामुख्याने रक्तघटक पेशींतच असतो, म्हणून त्यावर नेम धरणाऱ्या टी पेशी मुद्दाम घडवण्याचे प्रयोग चालू आहेत. हे काम मोलाचे आहे. पण सिकलसेलमध्ये मारायला कर्कपेशी नाहीत. तेथे टी पेशीचा हल्ला हा निव्वळ तोटा आहे, त्यातून काहीच पदरी पडत नाही. कर्करोगासाठी 'थोडा फरक बरा' असे म्हणणारे शास्त्र सिकलसेलच्या मुलाला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. त्याच्यासाठी फरक शक्य तितका कमी हवा, आणि त्यासाठी तो मोजायला हवा.

दुसरा आक्षेप नव्या उपचारांचा. रोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देऊन अर्धे जुळलेल्या आईबापांचीही मज्जा आता धरते, आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जनुक-संपादनाच्या उपचारात तर रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी दुरुस्त करून परत देतात. मग परकेपणाचा प्रश्नच कोठे उरतो? जनुक-संपादनापुरते हे खरे आहे, आणि ते स्वस्त व्हावे अशी मनापासून इच्छा आहे. २०२३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर होती. अर्ध्या जुळणीच्या रोपणात सिकलसेलच्या रुग्णांत सुरुवातीला मज्जा न धरण्याचे प्रमाण मोठे होते. त्यामागे रक्त घेऊन घेऊन शिकलेली त्यांची प्रतिकारशक्ती हेही एक कारण मानले जाते. म्हणजे नव्या वाटेवरही जुनी पिशवी आडवी येतेच.

तिसरा आक्षेप सर्वांत मनाला लागणारा आहे: मुरबाडला अजून रेल्वे नाही, अशा तालुक्यात नऊ अमिनो आम्लांची चर्चा कशाला? आधी रक्त मिळू दे, गोळी मिळू दे. या म्हणण्यामागची कळकळ मी मानतो, पण त्यातले गृहीत चुकीचे आहे. येथे मी महागडी यंत्रे मागत नाही. जनुकांची यादी करण्याचे काम परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी होऊ शकते. ते व्हावे आणि त्यात या तालुक्यांतल्या लोकांचे नमुने त्यांच्या समजून दिलेल्या संमतीने यावेत. तालुक्यात लागते ते वेगळे. स्वेच्छा रक्तदानातून आलेला पुरेसा साठा, म्हणजे नातेवाइकाकडे हात पसरावा लागणार नाही. बदली रक्तदाता ही पद्धत मोडायची हे २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात लिहिलेलेच आहे. पांढऱ्या पेशी गाळणारी गाळणी. आणि सिकलसेलच्या प्रत्येक मुलाच्या वहीत दर पिशवीची नोंद: कधी, कोठे, गाळलेली की नाही, दाता घरचा की बाहेरचा. वीटभट्टीवर गेलेले कुटुंबही ही वही सोबत नेऊ शकते.

राहिला एक आक्षेप, जो उघडपणे क्वचित मांडला जातो पण मनात असतो. शतकानुशतके आपापल्या जमातीत लग्ने झालेल्या समाजात माणसे आतून सारखीच असणार, तेथे गौण फरक नगण्य असेल, असे वाटते. एचएलएपुरते यात तथ्य आहे. जुळणारा दाता स्वतःच्या समाजात सापडण्याची शक्यता जास्त. गौण प्रतिजन मात्र अनेक गुणसूत्रांवर विखुरलेले आहेत आणि प्रत्येक मुलात नव्याने वाटले जातात; सख्ख्या भावंडांतही ते सगळे जुळत नाहीत, आणि बहीण-भाऊ असतील तर वाय गुणसूत्र तर हमखास वेगळे. त्यातही एक उलटी बाजू आहे. ज्याच्यापाशी एचए-१ ची दोन्ही रूपे आहेत अशा दात्याच्या टी पेशींना ती दोन्ही घरचीच वाटतात. ज्याच्यापाशी आर्जिनीनच्याच दोन प्रती आहेत त्याच्या टी पेशींना हिस्टिडीन परके. लहान समाजात एकाच रूपाच्या दोन प्रती असणारी माणसे वाढतात, म्हणजे दुसऱ्या रूपाला परके मानणारी माणसेही वाढतात. जमातीवरून भाकीत करायचे नाही, प्रत्येक जोडी तपासायची, हाच याचा अर्थ. त्यामुळे कातकरी रक्त, ठाकूर रक्त अशी कोणतीही वर्गवारी या शास्त्रातून निघत नाही, आणि सिकलसेलच्या तपासणीने लग्ने मोडल्याचा कडू अनुभव असलेल्या लोकांना हे तपासणीआधी सांगणे आवश्यक आहे.

हे सगळे होईपर्यंत एक प्रश्न मात्र आजही विचारता येईल, आणि तो विचारायला परिचारिका पुरेशी आहे. भावाने बाही वर केली की विचारायचे: या मुलाला पुढे मज्जा लागली तर देणारा हाच आहे का? असेल तर त्याची पिशवी या मुलाला लावायची नाही. त्याने आज रक्त दिलेच तर ते पेढीत जमा होऊ दे, दुसऱ्या कोणाला मिळू दे, आणि मुलाला पेढीतले बाहेरचे, गाळलेले रक्त लावावे. भावाचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.